जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन, झोटेरो आणि साम्य-तपासणी: आधी काय करावे?

पानटोक

पीएच.डी.चे काम चालू आहे. विषय: १९०० ते १९४० मधल्या मराठी मासिकांतले शेतीविषयक लेखन. प्रबंध मराठीत. हाताशी ६२ पीडीएफ आहेत. काही इंटरनेट आर्काइव्हवरून उतरवलेल्या, काही ग्रंथालयात मोबाइलने फोटो काढून केलेल्या. त्यांत शब्द शोधता येत नाहीत, किंवा शोधले तर निम्मे सापडतात. उदा. ‘शेतकऱ्यांना’ शोधले तर एकही नाही, आणि पान उघडले तर समोर चार वेळा छापलेले.

झोटेरो (संदर्भ साठवून सूची करणारे सॉफ्टवेअर) बसवले आहे. मराठी नोंदी टाकल्या की संदर्भसूचीत नावे उलटसुलट येतात, ‘व इतर’च्या जागी इंग्रजी येते. शिवाय जुनी टिपणे श्री-लिपीत (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये) आहेत, तीही वापरायची आहेत. शेवटी साम्य-तपासणीला (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणाऱ्या सॉफ्टवेअरला) फाइल द्यायची, तिथे मराठीचे काय होते?

कोणती साधने वापरावीत यापेक्षा कोणत्या क्रमाने करावे ते सांगितले तर जास्त उपयोग होईल. विंडोज लॅपटॉप आहे, बजेट शून्य.

खिळाछाप

आधी स्कॅन. बाकी सगळे त्याच्यावर उभे आहे.

मोबाइलचे फोटो थेट ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) देऊ नका. स्कॅन-टेलर अॅडव्हान्स्ड (फुकट आहे) घ्या. त्यात जोडपाने वेगळी करा, तिरके पान सरळ करा, मजकुराची चौकट ठरवा, आणि ३०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये बाहेर काढा. काळे-पांढरे करायचा मोह टाळा. जुन्या खिळ्याचा अनुस्वार म्हणजे शाईचा एक ठिपका, आणि काळे-पांढरे करताना ‘डाग पुसा’ हा पर्याय मुळातच चालू असतो. तो डाग समजून अनुस्वार पुसतो. तुमच्या काळातल्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘असें’, ‘घरांत’ असे अनुस्वार पानभर आहेत. काळे-पांढरे करायचेच असेल तर हा पर्याय पूर्ण बंद करा.

मग ओसीआर-माय-पीडीएफ. आतून टेसरॅक्ट (अक्षरे ओळखणारा प्रोग्राम) चालते, आणि पानाच्या चित्रामागे अदृश्य मजकुराचा थर बसतो. (आज्ञा अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या, इथे देवनागरीत लिहितोय.) भाषेच्या जागी ‘एमएआर’ (मराठी) आणि ‘ईएनजी’ (इंग्रजी), मध्ये अधिकचे चिन्ह. हिंदीचे मॉडेल (त्या भाषेची अक्षरओळखीची फाइल) जोडू नका. हिंदी मजकुरात ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ जवळजवळ नसतात, त्यामुळे ते मॉडेल मध्ये आले की ‘दुष्काळ’चे काहीही होऊ शकते. संस्कृत श्लोक भरपूर असतील त्याच पुस्तकाला संस्कृत जोडा. मराठीचे मॉडेल ‘बेस्ट’ संचातले उतरवा. ‘फास्ट’ हलके असते, पण झिजलेल्या टायपावर फरक दिसतो.

आर्काइव्हवरच्या फाइलींत मजकुराचा थर बहुतेक वेळा आधीच असतो, तो कसाही असो. अशी फाइल दिली की ओसीआर-माय-पीडीएफ ‘पानावर मजकूर आहे’ म्हणून थांबते. तिथे ‘फोर्स-ओसीआर’ (जुना थर सोडून पुन्हा ओळख) द्या. ‘रीडू-ओसीआर’ही आहे, पण त्याच्याबरोबर ‘डेस्क्यू’ (तिरके पान सरळ करणे) चालत नाही. तुमची पाने तिरकी असणार, म्हणून पहिलाच पर्याय.

‘साइडकार’ हा पर्याय विसरू नका. पीडीएफबरोबर साधी मजकूर-फाइल मिळते आणि प्रत्येक पान संपते तिथे फॉर्म-फीडचे चिन्ह असते, म्हणजे मजकूर वेगळा काढूनही पान क्रमांक हरवत नाही. ही फाइल पुढे फार कामाला येईल.

मासिके दोन स्तंभांत छापलेली असतील तर पानाची मांडणी ओळखण्याची पद्धत १ किंवा ३ ठेवा. अनेक ठिकाणी ६ सुचवलेली दिसते. ती पानाला एकच ठोकळा मानते, आणि डाव्या स्तंभाच्या ओळीला उजव्या स्तंभाची ओळ जोडली जाते. वाचताना चटकन लक्षात येत नाही, अवतरण घेताना घोटाळा होतो.

सगळ्या ६२ फाइली एकदम लावू नका. वेगवेगळ्या छपाईची पाच पाने निवडा, हाताने टाइप करा आणि ओसीआरशी ताडून चुका मोजा. साधारण १५०० अक्षरांच्या पानावर ३० चुका म्हणजे २ टक्के. ऐकायला किरकोळ वाटते. पण सहा अक्षरांचा शब्द पूर्ण बरोबर येण्याची शक्यता ०.९८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ८८.६ टक्के. शंभर ठिकाणांपैकी अकरा-बारा ठिकाणे शोधात येणारच नाहीत. ‘अमुक शब्द या मासिकात इतक्या वेळा येतो’ असे प्रबंधात लिहिणार असाल तर हा आकडा शेजारी द्यावा लागेल.

तिरकीमात्रा

गूगल डॉक्सचा ओसीआर झिजलेल्या टायपावर टेसरॅक्टपेक्षा बरा चालतो, असे माझे मत. ड्राइव्हवर चित्र चढवायचे, उजवी कळ, ‘डॉक्समध्ये उघडा’. फाइल २ एमबीच्या आत ठेवायची.

खिळाछाप

@तिरकीमात्रा, अक्षरओळख बरी आहे, मान्य. पण मिळतो तो सुटा मजकूर, पानाच्या चित्रामागे थर बसत नाही. आख्खे पुस्तक दिले तर कुठले वाक्य कुठल्या पानावरचे तेच कळत नाही, आणि प्रबंधाला पान क्रमांक हवाच. तरी वापरायचे असेल तर एका पानाचे एक चित्र, आणि फाइलचे नाव म्हणजे छापील पान क्रमांक: ०१७, ०१८ असे. टेसरॅक्टने हात टेकलेल्या तीस-चाळीस पानांसाठी ठीक आहे. ६२ खंडांसाठी नाही.

रफार

‘शेतकऱ्यांना’ का सापडत नाही, याचे उत्तर अजून कोणी दिले नाही. ओसीआर अचूक असूनही हा शब्द सापडणार नाही, अशी शक्यता आहे.

‘ऱ्य’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला सापडतो. एक: ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१) + हलन्त. दोन: साधा र (०९३०) + हलन्त + शून्य रुंदीचा जोडक (२००डी). तीन: र + नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) + हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात: शेतकऱ्यांना, शेतकर्‍यांना. संगणकाच्या लेखी हे वेगवेगळे शब्द. तुमचा कीबोर्ड एक प्रकार टाइप करतो, फाइलमध्ये दुसरा आहे, म्हणून शोध रिकामा. वरच्या वाक्यातले दोन्ही शब्द कॉपी करून एकाच फाइलमध्ये आलटून पालटून शोधा. दोन वेगळे आकडे आले की समजा.

तिसरा प्रकार युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (समतुल्य रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने) पहिल्यात जातो. दुसरा जात नाही. जोडकवाले रूप मानकाच्या दृष्टीने समतुल्य नाही, ते स्वतःच बदलावे लागते. साइडकारच्या सगळ्या मजकूर-फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा, नोटपॅड++ (फुकट मजकूर-संपादक) मध्ये ‘फाइलींमध्ये शोधा व बदला’ उघडा आणि हे बदल या क्रमाने करा:

र + हलन्त + जोडक → ऱ + हलन्त. जोडक दिसत नाही, म्हणून हे रूप टाइप करू नका, वरच्या उदाहरणातून उचला.

अ + ॅ → ॲ. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ मध्ये युनिकोड ५.१ ला मिळाली. जुन्या फाइलींत आणि अनेक कीबोर्डांवर अजून जोड-रूपच असते. (खिळाछाप यांनी वर ‘अॅडव्हान्स्ड’ लिहिले आहे ते बघा, तोच प्रकार.)

दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेला अपूर्णविराम → विसर्ग. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ हेही दोन शब्द आहेत. मात्र दोन्हीकडे आकडे असतील तर हात लावू नका, नाहीतर वेळ १०:३० ची वाट लागेल.

हे सगळे प्रतीवर करायचे. मूळ ओसीआर फाइल ‘कच्चे’ म्हणून वेगळी ठेवायची.

आता अनुस्वार. आज आपण जे लेखन करतो ते साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनंतरचे. तुमची मासिके त्याआधीची. ‘काही’ शोधून ‘कांहीं’ सापडणार नाही. इथे मजकूर बदलू नका, शोध बदला. नोटपॅड++ किंवा लिब्रेऑफिसमध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ चालू करून असे लिहा:

कां?हीं?

प्रश्नचिन्ह म्हणजे ‘आधीचे चिन्ह असेल किंवा नसेल’. अनुस्वार हे स्वतंत्र चिन्ह असल्याने प्रश्नचिन्ह फक्त त्यालाच लागते. एका शोधात काही, कांही, काहीं, कांहीं चारही येतात. तसेच ‘घरां?त’, ‘शेतीं?त’. नेहमी लागणाऱ्या वीस-पंचवीस शब्दांची अशी रूपे एका फाइलमध्ये लिहून ठेवली की काम भागते.

तिरकीमात्रा

हे एवढे करण्यापेक्षा ओसीआरचा मजकूर एखाद्या एआय चॅटबॉटला देऊन ‘चुका दुरुस्त कर’ म्हटले तर?

रफार

तिथेच फसगत होते. ‘त्यांनीं असें सांगितलें कीं’ दिले तर ‘त्यांनी असे सांगितले की’ परत येण्याचीच शक्यता जास्त. वाचायला छान, पण ते मूळ लेखकाचे लेखन नाही. त्याहून वाईट म्हणजे फाटक्या ओळीतला न कळलेला शब्द तो अंदाजाने भरतो, आणि भरलेला शब्द अर्थाला इतका चपखल बसतो की संशयच येत नाही. टेसरॅक्टची चूक ‘शेतऱक्यांा’ अशी ओबडधोबड असते, ती डोळ्याला खुपते. चॅटबॉटची चूक खुपत नाही.

विषयवार चाळणी लावायला, लेखाचा गोषवारा काढायला वापरा. अवतरण मात्र पानाच्या चित्रावरून घ्या, अक्षरन् अक्षर. दुरुस्त केलेला मजकूर ठेवायचाच असेल तर कच्च्या फाइलशी वर्डच्या ‘तुलना करा’ने ताडून बघा. किती अनुस्वार गळाले ते लाल रंगात दिसेल.

कोष्ठक

झोटेरोबद्दल. सगळ्यात आधी सेटिंग्जमध्ये शोधाचा भाग उघडा. झोटेरो मुळात प्रत्येक फाइलची पहिली १०० पाने आणि ५ लाख अक्षरेच अनुक्रमित करते, म्हणजे शोधासाठी नोंदवते. मासिकाचा वर्षभराचा खंड ५००-६०० पानांचा असला तर पुढची सगळी पाने शोधाबाहेर. पानांची मर्यादा १५०० आणि अक्षरांची ५० लाख करा, मग अनुक्रमणी पुन्हा बांधा. ओसीआर केलेली नवी पीडीएफ जुन्याच नावाने बदलली असेल तर त्या नोंदीवर उजवी कळ दाबून पुन्हा अनुक्रमित करावे लागते. ते आपोआप होईल असे धरू नका.

फुकट साठवण ३०० एमबी. रंगीत स्कॅनचे तीन-चार खंड गेले की भरली. फाइलींचे सिंकिंग बंद ठेवा आणि फक्त नोंदी सिंक करा, किंवा फाइली जोडदुव्याने ठेवा (फाइल तुमच्या डिस्कवर, झोटेरोत फक्त तिचा पत्ता). वेबडॅवही (दुसऱ्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याची सोय) चालते, पण गट-ग्रंथालयाला चालत नाही.

नावे. उपनाव आणि नाव वेगळ्या रकान्यांत टाका, आणि पूर्ण नाव टाका: केतकर | श्रीधर व्यंकटेश. आद्याक्षरे काढणारी शैली (संदर्भ कसे मांडायचे ते ठरवणारी फाइल) निवडू नका, देवनागरीत ती भरवशाची नाही. आधी तीन नोंदी टाकून सूची काढून बघा, मगच ३०० नोंदींना हात घाला. जिथे लेखक ‘एक शेतकरी’ किंवा ‘संपादक मंडळ’ असा असेल तिथे एकच रकाना वापरा.

वर्ष. तारखेच्या रकान्यात इंग्रजी आकडेच टाका. देवनागरी आकडे झोटेरोला वर्ष म्हणून कळत नाहीत, आणि क्रम बिघडतो. जुन्या अंकांवर बहुधा शक असतो. चैत्रापासून डिसेंबरपर्यंतच्या अंकाला शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८४२ चा श्रावण १९२० मध्ये, पण त्याच शकाचा माघ १९२१ मध्ये. पौष महिना दोन्हीकडे पडू शकतो, तिथे अंकावरची इंग्रजी तारीख बघा. मूळ शक आणि महिना ‘एक्स्ट्रा’ रकान्यात लिहून ठेवा. मार्गदर्शक नाही तर परीक्षक, कोणीतरी विचारतेच.

‘व इतर’साठी शैलीच्या फाइलची प्रत काढा, तिचे शीर्षक आणि ओळख-पत्ता बदला (नाहीतर पुढच्या अद्ययावतीत तुमचे बदल पुसले जातील), आणि त्यात स्थानिक संज्ञांचा भाग घालून ‘व इतर’, ‘आणि’, ‘संपा.’, ‘पृ.’ एवढ्या चारच लिहा. इंग्रजी संदर्भांनाही याच संज्ञा लागतील. ते थोडे असतील तर शेवटी हाताने दुरुस्त करा. त्यासाठी आणि आकडे देवनागरी करण्यासाठी प्रबंधाची प्रत काढून तिच्यात ‘संदर्भ विलग करा’ दाबायचे. झोटेरोशी जोडलेल्या फाइलमध्ये हाताने बदललेले पुढच्या रिफ्रेशला परत फिरते.

पान क्रमांकही बघा. छापील पान १ म्हणजे पीडीएफचे १७ वे असे असते. झोटेरोच्या वाचकात खूण केल्यावर तिच्या पान क्रमांकावर उजवी कळ दाबून ‘हे व पुढची पाने’ असा बदल करता येतो. प्रत्येक फाइलला एकदाच.

काउंटरमागून

साम्य-तपासणी. इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ-ग्रंथालयांना सेवा देणाऱ्या यूजीसीच्या केंद्राच्या) शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना सध्या ड्रिलबिट हे तपासणीचे सॉफ्टवेअर मिळते, आधी अर्कंड होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० असेल तर सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचे, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजायचे नाहीत. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचेही मोजायचे नाही. अहवाल काढताना हे वगळण्याचे पर्याय चालू आहेत ना, ते ग्रंथालयाच्या काउंटरवर विचारा. तुमच्या प्रबंधात जुनी अवतरणे पुष्कळ असणार, त्यामुळे अवतरणचिन्हे उघडून बंद झालेली आहेत याची खात्री करा. एक चिन्ह राहिले की पुढचा भाग मोजला जाऊ शकतो.

मराठीत अहवाल ० किंवा १ टक्का आला तर लगेच खूश होऊ नका. बऱ्याचदा फाइलमधला मजकूरच मोडलेला असतो. वर्डमधून काढलेल्या पीडीएफचा एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. ‘विकास’चे ‘ववकास’, ‘शिक्षण’चे ‘शशक्षण’ झाले असेल तर तपासणीलाही तेच दिसते आणि ते कशाशीच जुळत नाही. ‘शासन ननर्णय’ हा शब्द गूगलवर बघितला असेल, तो याच जातीचा. फॉन्टमध्ये पहिल्या वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या आकृत्या असतात, पीडीएफ बनताना त्यातली आकृती मूळ अक्षराशी नीट बांधली जात नाही. म्हणून तपासणीला शक्यतो वर्डची डॉक्स फाइल द्या. शोधगंगेला (प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहाला) प्रकरणवार पीडीएफ लागतात, त्या काढताना हीच चाचणी प्रत्येक प्रकरणावर करा. लिब्रेऑफिसमधून काढलेली पीडीएफ बहुधा बरी निघते, पण मांडणी हलते, आधी पाने बघून घ्या.

पानटोक

सगळ्यांचे आभार. एका खंडावर करून बघितले. ‘शेतकऱ्यां’ आधी ०, बदलानंतर २१४. आर्काइव्हच्या थरात सगळीकडे जोडकवाला प्रकार होता.

दोन प्रश्न राहिले. श्री-लिपीतली टिपणे कशी आणायची? आणि शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रणही आहे, तेही असेच मजकुरात करता येईल का?

रफार

मुलाखतींसाठी वेगळा धागा काढा. वऱ्हाडी-अहिराणी आली की तो विषय इथे मावणार नाही.

श्री-लिपी: मजकूर कॉपी करून संकेतस्थळावरच्या परिवर्तकात चिकटवू नका. चिकटवताना फॉन्टची माहिती जाते, मग मध्ये आलेले इंग्रजी शब्द आणि आकडेही मराठी समजून बदलले जातात आणि कचरा होतो. तळटीपाही सुटू शकतात. आधी वर्डमध्ये ‘शोधा’च्या खिडकीत फॉन्ट हा निकष लावून फाइलमध्ये नेमके किती फॉन्ट आहेत ते बघा. एकाच फाइलमध्ये दोन-तीन असतात, आणि प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी असू शकते. आख्खी डॉक्स फाइल घेणारा आणि फॉन्टचे नाव विचारणारा परिवर्तक वापरा.

झाल्यावर चारच गोष्टी तपासा: पहिली वेलांटी व्यंजनाच्या बरोबर बाजूला आहे का (‘कि’ की ‘िक’), रफार योग्य अक्षरावर आहे का (‘कार्य’चे ‘काय’ किंवा ‘कायर्’ होते), ‘ऱ्य’ कोणत्या प्रकारात आला, आणि अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे बसली आहेत का. शेवटची चूक सगळ्यात जास्त होते, आणि काउंटरमागून यांनी वर सांगितलेल्या तपासणीत तीच महागात पडते.